जुनं विटांचं घर भूकंपासाठी कसं आवळायचं? नागपूरच्या घरमालकांसाठी पायरीपायरीनं

आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत भूकंपाचे दोन ते पाच असे चार झोन आहेत. नागपूर झोन दोनमध्ये, म्हणजे सर्वांत सौम्य झोनमध्ये येतं. त्यामुळे इथं घराच्या मजबुतीचा विषय काढला की 'आपल्याकडं कुठं भूकंप होतो?' हे उत्तर ठरलेलं. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग त्या काळच्या नकाशात झोन एकमध्ये होता, आपल्याहूनही एक पायरी खाली. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, जगाच्या मानानं मध्यमच. तरी सुमारे दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराच्या दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली गाडले गेले. पुढे २००२मध्ये झोन एक नकाशातून काढूनच टाकला गेला.

आपल्या उत्तरेला नर्मदेच्या पट्ट्यात २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८चा भूकंप झाला. ४ डिसेंबर २०२४च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगु जिल्ह्यात ५.३चा झाला आणि त्याची थरथर नागपुरातही जाणवली. घाबरून घर विकावं अशी ही परिस्थिती नाही. पण महाल, इतवारी, गांधीबागेतल्या जुन्या घरांत आणि १९७०-८०च्या दशकांत लेआउटमध्ये उभ्या राहिलेल्या बिनकॉलमच्या घरांत जे राहतात, त्यांनी आपलं घर एकदा नीट तपासावं, असं मला मनापासून वाटतं. झोन दोनमध्ये बहुतेक घरांना पाडापाडी लागत नाही. भिंती एकमेकींना, छत भिंतींना आणि वरची सुटी वजनं छताला बांधली की निम्म्याहून जास्त काम होतं.

पायरी १ : घर कशावर उभं आहे ते ओळखा

हा लेख फक्त लोड बेअरिंग घरांसाठी आहे, जिथं स्लॅबचं किंवा कवेलूच्या छपराचं वजन थेट भिंतींवर येतं. कॉलम-बीमच्या इमारतींचं शास्त्र वेगळं आणि त्यांचं मानकही वेगळं.

ओळखायचं कसं? दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. प्लास्टर धरून १० इंच किंवा जास्त भरली आणि खोल्यांच्या कोपऱ्यांत कुठंही कॉलम दिसत नसला, तर भिंतच भार घेते आहे असं समजा. साडेचार इंची भिंत सहसा फक्त आडोसा असते. जुन्या वाड्यांत भिंती दीड-दोन फुटांच्या असतात आणि आत सागवानी खांब, तुळया, कड्या असतात. तिथं भार लाकूड आणि भिंत दोघांवर वाटलेला असतो.

नागपुरात एक मिश्र प्रकार फार दिसतो आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. खाली वडिलांनी बांधलेलं नऊ इंची भिंतीचं घर, आणि वर मुलानं थेट स्लॅबमधून कॉलम उठवून चढवलेला मजला. त्या कॉलमना खाली पाया नसतो, ते स्लॅबवर उभे असतात. असं घर असेल तर पुढच्या पायऱ्या वाचा जरूर, पण आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

पायरी २ : भिंत का पडते ते समजून घ्या

विटांची भिंत वरून येणारं वजन उत्तम पेलते. आडवा जोर आणि ताण तिला झेपत नाही. भूकंपात जमीन आडवी हलते आणि जेवढं वजन जास्त तेवढा आडवा जोर जास्त. १० फूट लांब, १० फूट उंच नऊ इंची भिंत साधारण चार टन भरते. मानकातल्या सूत्रानं झोन दोनमध्ये, भूकंप-पट्टे (पायरी ८ पाहा) नसलेल्या विटांच्या घरासाठी वजनाच्या सुमारे आठ टक्के आडवा जोर धरावा लागतो. म्हणजे त्या एका भिंतीच्या स्वतःच्याच वजनामुळे सव्वातीनशे किलोचा धक्का, तोही उलटसुलट, काही सेकंद सतत.

हा धक्का भिंतीच्या लांबीच्या दिशेनं आला तर भिंत तग धरते. तिच्या तोंडावर आला तर ती बाहेरच्या बाजूला उलथते. खोलीच्या चार भिंतींपैकी दोन नेहमीच वाईट दिशेत असतात, त्यांना बाकीच्या दोघींनी धरून ठेवायचं असतं. कोपरे घट्ट असले आणि छतानं चौघींना वरून पकडलं, तर घर एकसंध हलतं. कोपरा उसवला की प्रत्येक भिंत एकटी पडते. मजबुतीकरणाचं सगळं काम या एका गोष्टीसाठी असतं.

पायरी ३ : घराचा नकाशा काढा आणि भोकं मोजा

चौकटीच्या वहीत प्रत्येक मजल्याचा नकाशा हातानं काढा. भिंतींची जाडी, लांबी, दारं, खिडक्या, शोकेस, कोनाडे, सगळं मापासह. मग एक एक भिंत घेऊन, दोन आडव्या भिंतींच्या मधल्या लांबीत दारं-खिडक्यांची रुंदी एकूण किती ते बघा. आयएस ४३२६ हे भूकंपरोधक बांधकामाचं मानक सौम्य झोनमधल्या साध्या घरांना एकमजली असेल तर त्या लांबीच्या ६० टक्के, दुमजली असेल तर ५० आणि तिमजली असेल तर ४२ टक्क्यांपर्यंत मोकळीक देतं. कडक झोनमध्ये हेच आकडे ५०, ४२ आणि ३३ होतात. माझं मत असं की जुन्या, चुन्यातल्या किंवा मातीतल्या भिंतींसाठी आपणही कडक आकडेच धरावेत. खिडकी कोपऱ्याला चिकटून असेल तर नकाशावर तिथं लाल खूण करा. कडक झोनच्या नियमानं ती आतल्या कोपऱ्यापासून दीड फूट दूर हवी.

आपल्या शहरात या भोकांना दोन कारणं हमखास असतात. पहिलं कूलर. दर उन्हाळ्यात कुणीतरी खिडकी मोठी करतं, लिंटेलखालच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईखालच्या) विटा काढतं, बाजूला अँगल ठोकतं आणि पाण्यानं भरलेला कूलर त्या कमजोर झालेल्या भागावरच टांगतं. दुसरं दुकानाचं शटर. इतवारीत घराची दर्शनी भिंत पूर्ण काढून तिथं शटर बसवलेलं सर्रास दिसतं. मग तळमजल्याला तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला काहीच नाही. असं घर भूकंपात नुसतं हलत नाही, ते पिळलं जातं. शटरभोवती भिंतीत घट्ट गुंतवलेली लोखंडी किंवा आरसीसीची पूर्ण चौकट हा त्यावरचा उपाय. तिचं माप इंजिनिअरनंच द्यावं.

पायरी ४ : भेगा वाचायला शिका

या पायरीला घाई करू नका. नागपूरच्या बऱ्याच भागांत खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हलक्या पायाच्या घराला दरवर्षी वरखाली करते. म्हणून इथल्या भिंतींवरच्या निम्म्या भेगा भिंतीच्या नसतात, पायाच्या असतात. तो रोग न ओळखता वरून जाळी मारली तर दोन वर्षांत जाळीवरच भेग येते.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरणारी आणि मे महिन्यात रुंदावून ऑगस्टमध्ये मिटणारी भेग काळ्या मातीची. आधी पाण्याचा बंदोबस्त करा. घराभोवती तीनेक फूट रुंद, बाहेर उतार असलेलं काँक्रीट, गळके नळ आणि चेंबर दुरुस्त, छताचं पाणी पायापासून दूर, आणि भिंतीला खेटून लावलेल्या मोठ्या झाडाचा विचार.

वरच्या मजल्यावर स्लॅबच्या बरोबर खाली आडवी सरळ भेग असेल तर ती बहुधा उन्हाची. पंचेचाळीस अंशांत तापलेला स्लॅब पसरतो आणि खालची भिंत तेवढी पसरत नाही. दिसायला निरुपद्रवी, पण तिथं छत आणि भिंतीची पकड सुटलेली असते हे लक्षात ठेवा.

दोन भिंतींच्या जोडावर, कोपऱ्यात उभी भेग असेल तर ती सर्वांत महत्त्वाची. बांधतानाच दोन्ही भिंतींचे दात एकमेकींत नीट गुंतवलेले नसतात. मूळ घराला नंतर जोडलेल्या खोलीत हे नेहमीच सापडतं. आणि भिंत पोटातून फुगलेली दिसली, ओळंबा लावल्यावर बाहेर झुकलेली आढळली, तर त्या खोलीत झोपणं थांबवा, टेकू लावून घ्या आणि इंजिनिअरला त्याच आठवड्यात आणा.

प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. मधोमध काचेची छोटी पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं चिकटवा. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा ही नोंद ठेवता आली तर इंजिनिअरला तुमच्या घराबद्दल जे कळेल, ते तासाभराच्या भेटीत कधीच कळणार नाही.

जाता जाता विटांचे सांधेही तपासा. एका कोपऱ्यातलं प्लास्टर काढून किल्लीनं सांधा खरवडा. पिठासारखा भुगा पडला तर मसाला मेलेला आहे.

पायरी ५ : माणूस नेमा, कागद करा

ठेकेदाराच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्याला सरळ विचारा की आयएस १३९३५ प्रमाणं तपासणी आणि मजबुतीकरणाचं रेखाचित्र देणार का. दगडी-विटांच्या इमारतींची तपासणी, दुरुस्ती आणि मजबुती यांसाठी हेच मानक आहे. '२००९ची आवृत्ती आहे' एवढंही ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून हे काम करून घेऊ नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणं ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं तशीही मालकाची जबाबदारी आहे. मोठी दुरुस्ती असेल तर मनपाच्या झोन कार्यालयात विचारून परवानगी घ्या. घर वारसा यादीत असेल तर वारसा समितीचीही लागेल. महालात शेजाऱ्याशी भिंत सामाईक असते, तेव्हा त्याच्याशी काम सुरू होण्याआधी बोला.

पायरी ६ : वरची वजनं उतरवा

हे काम लगेच करता येतं आणि स्वस्त पडतं. गच्चीवरची साडेचार इंची, तीन फुटी पॅरापेटची भिंत फूटभर लांबीला साठेक किलो असते आणि बहुतेक ठिकाणी ती स्लॅबवर नुसती ठेवलेली असते. मध्यम धक्क्यात सर्वांत आधी तीच रस्त्यावर येते, नेमकी घराबाहेर पळणाऱ्यांच्या डोक्यावर. ती काढून पाइपचं रेलिंग लावा, किंवा ठरावीक अंतरावर स्लॅबमध्ये सळया रुतवून छोटे आरसीसी खांब आणि वर कोपिंगचा पट्टा घाला.

हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. ती विटांच्या सुट्या खांबांवर उंच चढवलेली असेल तर खाली आणा, भिंतीच्या जोडावर येईल अशी ठेवा आणि लोखंडी पट्टीनं बांधा. गच्चीवर पडलेल्या उरलेल्या विटा, रेतीची पोती, जुनी फरशी उतरवा. कूलर खिडकीवर टांगण्यापेक्षा जमिनीवरच्या स्टँडवर ठेवा. माळ्यावरची जड पेटी खाली आणा.

पायरी ७ : छत भिंतींना बांधा

आरसीसी स्लॅब चारही भिंतींवर नीट टेकलेला असेल तर तो भिंतींना बऱ्यापैकी धरतो. उन्हानं सुटलेल्या जागी इंजिनिअर स्लॅब आणि भिंतीमध्ये अँकर (दोघांना बांधणारी लोखंडी खुंटी) सुचवेल.

कवेलू किंवा टिनपत्र्याच्या छपराला स्वतःचा ताठपणा नसतो. तिथं तुळई भिंतीवर जिथं टेकते, तिथं ती लोखंडी पट्टी आणि बोल्टनं भिंतीत गाडलेल्या अँकरला बांधा, आणि कैच्यांच्या मधे फुलीसारखे तिरके आधार द्या. दोन्ही टोकांची वरची तिकोनी भिंत मोकळी उभी असते आणि पडणाऱ्यांत ती पहिल्या नंबरात असते. ती छपराला बांधावी, किंवा काढून तिथं हलका पत्रा लावावा. वाड्यांमधल्या लाकडी मजल्यांना खालून तिरक्या पट्ट्या मारून कड्या भिंतींना जोडता येतात, वरची फळी न काढता.

पायरी ८ : पट्टा

बैलगाडीच्या चाकाचे लाकडी तुकडे वेगवेगळे असतात, पण बाहेरून लोखंडी धाव चढवली की ते सुटत नाहीत. घराभोवती फिरणारा भूकंप-पट्टा तेच करतो. नव्या घरात तो बांधतानाच आरसीसीत घालतात. जुन्या घरात तो वेल्डमेश (तारा एकमेकींना वेल्ड केलेली) जाळी आणि सिमेंटच्या मसाल्यानं भिंतीवर बाहेरून चढवतात. मुख्य पट्टा दारं-खिडक्यांच्या वर, लिंटेलच्या पातळीवर, घरातल्या सगळ्या भिंतींवरून जातो. छत कवेलूचं किंवा लाकडी असेल तर छताच्या खाली आणखी एक.

काम असं होतं. लिंटेलच्या वर १० ते १२ इंच रुंदीत प्लास्टर पूर्ण काढायचं. विटांचे सांधे अर्धा इंच खोल कोरायचे, तारेच्या ब्रशनं भुगा झाडायचा आणि भिंत पाण्यानं भिजवायची. सिमेंटची स्लरी मारून एकास तीन मसाल्याचा सुमारे १२ मिलिमीटरचा पहिला थर द्यायचा आणि तो खरखरीत ठेवायचा. थर ओला असतानाच १० गेजची, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडी जाड तारेची वेल्डमेश त्यावर दाबून, फूट-फूट अंतरावर सहा इंची खिळ्यांनी भिंतीत ठोकायची. मग दुसरा, साधारण १६ मिलिमीटरचा थर. आडव्या तारा किती हे खोलीच्या लांबीवर ठरतं, तो आकडा रेखाचित्रात असतो.

आता जिथं काम बिघडतं त्या जागा. जाळी कोपऱ्यावर कापून दोन तुकडे लावले तर सगळा खर्च वाया, कारण गरज कोपऱ्यालाच आहे. जाळी कोपरा ओलांडून वळलीच पाहिजे आणि जोड भिंतीच्या मध्यावर, किमान एक फूट एकमेकांवर चढवून. कोंबडीजाळी म्हणजे वेल्डमेश नव्हे. ती प्लास्टरची भेग रोखते, भिंत नाही. वेल्डमेश दुकानात जाऊन स्वतः बघा. मसाला घमेल्यानं मोजून बनवायचा, अंदाजानं नाही, आणि रेती कन्हानची असो की कुठलीही, माती निघेपर्यंत धुतलेली हवी.

पट्टा भिंतीच्या दोन्ही तोंडांवर असावा आणि आतला-बाहेरचा पट्टा भिंतीतून आरपार सळयांनी जोडलेला असावा. शेजाऱ्याच्या बाजूनं बाहेर जाताच येत नसेल तर आतल्या पट्ट्याला भिंतीत खोल अँकर आणि समोरासमोरच्या भिंतींना जोडणाऱ्या टाय रॉडचा विचार इंजिनिअर करेल.

आडव्यांसोबत कोपऱ्यांत उभे पट्टेही लागतात. ते जोत्याच्या फूटभर खालून सुरू होऊन छतापर्यंत सलग जातात आणि आडव्या पट्ट्यांच्या जाळीत गुंततात. चौकटींच्या बाजूंनाही गरजेनुसार.

दगडी भिंत असेल तर एक जास्तीचं काम असतं. अशा भिंतीला बहुधा आत आणि बाहेर असे दोन वेगळे थर असतात, मधे भर. धक्क्यात हे दोन थर सुटतात आणि बाहेरचा कोसळतो. किल्लारीत असंख्य भिंती अशाच उलगडल्या. ठरावीक अंतरावर एकेक दगड काढून, आरपार भोकात आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरतात, म्हणजे दोन्ही तोंडं शिवली जातात. किल्लारीनंतरच्या राज्याच्या पुनर्वसन कार्यक्रमात हे काम खेड्यापाड्यांतल्या मिस्त्र्यांना शिकवलं गेलं. अवघड नाही, फक्त एका वेळी एकच दगड काढायचा संयम हवा.

मेलेला मसाला आणि भेगा पट्ट्याच्या आधी भरून घ्या. अर्धा ते पाच मिलिमीटरच्या भेगेत सिमेंटची पातळ ग्राउट दाबानं भरतात. त्याहून रुंद असेल तर दगडाच्या चिपा ठोकून, वर जाळी लावून. चुन्याच्या जुन्या वाड्यात मात्र सरसकट सिमेंट मारू नका. चुन्याच्या भिंतीला ओल बाहेर टाकायची असते, सिमेंट ती आत कोंडतं. तिथं चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री शोधा.

कधी करावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात दिलेला पातळ थर उन्हात तासाभरात सुकतो आणि हातानं उकरता येतो. किमान दोन आठवडे तराई, म्हणजे पाणी मारून थर ओला ठेवणं, हवी, पोती टांगून, दिवसातून अनेकदा. तराईसाठी वेगळा माणूस ठेवला तरी चालेल, पण ती चुकवू नका. सगळ्या भिंती एकदम उघड्या करू नका, एक बाजू पूर्ण करून पुढची घ्या.

नवं बांधत असाल किंवा मजला चढवत असाल तर

नव्या लोड बेअरिंग घरात जोत्याचा, लिंटेलचा आणि छताचा आरसीसी पट्टा, आणि कोपऱ्यांत पायापासून उभी सळई, एवढं मिस्त्रीला आधीच सांगितलं तर एकूण खर्चात त्याचा भार फार येत नाही. दोन सळयांचा पट्टा तीन इंच जाडीचा, चार सळयांचा सहा इंचांचा. राखेच्या विटा कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे इथं सहज मिळतात, त्या चालतात, पण सांध्याचा मसाला चांगला हवा. जुन्या घरावर नवा मजला मात्र तपासणीशिवाय चढवू नका. मुलांसाठी खोली हवी असेल तर मागच्या अंगणात वेगळ्या पायावर बांधा आणि जुन्या घराशी मधे फट ठेवा.

शेवटचं बिल देण्याआधी

पट्ट्यावर हातोडीच्या दांड्यानं टकटक करत फिरा. पोकळ आवाज येईल तिथं प्लास्टर सुटलेलं आहे, ते काढून पुन्हा करून घ्या. काम सुरू असताना प्रत्येक कोपऱ्याचा, जाळी उघडी असतानाचा फोटो काढून ठेवा. नंतर ती दिसणार नाही. इंजिनिअरकडून रेखाचित्रावर सही आणि तारीख घ्या. आणि पट्टे कुठून जातात ते मोजमापासह दाखवणारा कागद घराच्या दस्तऐवजांत ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात एसी किंवा कूलर बसवायला आलेल्या माणसाला ड्रिल लावण्याआधी तो दाखवा.